डावा डोळा झाकून

त्या खुर्चीवर नको— नको म्हटलं ना! फडक्याखाली काय आहे ते तुम्हाला काय करायचंय? स्टुलावर बसा. आणि ते रेकॉर्डिंगचं यंत्र चालू करायचं तर करा, चाळीस वर्षं मी एकच बोलतोय. काय विचारलंत— माझी कलेबद्दलची भूमिका? भूमिका नाटकात असते हो. मी चित्रं काढतो. नियम एकच— दिसतं ते काढायचं, माहीत आहे ते काढायचं नाही. संपलं. त्यावर तुम्ही तीनशे पानं लिहिलीत! 'पिवळा कालखंड', 'मावळत्या चैतन्याचा सुवर्णप्रकाश'— कुणाचं चैतन्य? मी तेव्हा गुडघ्यांना मलम चोळत होतो.

वाचलं ना, वाचलं. एका डोळ्यानं वाचलं, दुसरा अजून करायचाय. हो, मोतीबिंदू. दचकताय कशाला? उजव्याचं ऑपरेशन गेल्या महिन्यात झालं. पट्टी निघाली, घरी आलो, तसाच जिना चढून इथं आलो, आणि बघतो तर काय— भिंतभर चिखल. सहा वर्षांचा चिखल, चौकटीत बसवलेला. निळा कुठला, तपकिरी कुठला, मला कळतच नव्हतं, आणि ट्यूबवरचं नाव वाचायचं म्हणजे कमीपणा— माझी बोटं रंग ओळखतात, असा ताठा! लिहा की हे. का, पेन अडलं? दुसरी आवृत्ती येतेय ना तुमची?

फसवलं नाही हं मी कुणाला. दिसलं तेच काढलं. सांगणारं माणूसही घरातच होतं. ती समोरच्या चित्रातली बाई— जिला तुम्ही 'थकलेली धरित्री' करून टाकलंत— ती आमची ही. दोन महिने रोज त्या खुर्चीत बसली, स्वतः विणलेला स्वेटर घालून. चित्र झालं तेव्हा बघून एवढंच म्हणाली, "अहो, माझा स्वेटर निळा आहे." आणि मी, चारचौघांत, म्हणालो— तुला माहीत आहे म्हणून निळा दिसतो, डोळे असून नजर नाही तुला, जा, स्वयंपाकघरातलं बघ. तुम्ही हसलात. आठवत नाही? मला आठवतं, इथंच उभे होतात. तीही हसली थोडी, आणि खाली गेली. तेव्हापासून या खोलीत तिचं पाऊल नाही. भांडण नाही, अबोला नाही, खाली सगळं बोलते— फक्त चहा आणला की दाराबाहेर ठेवते, कप वाजवते आणि जाते.

सांगून टाका म्हणे! तुमचं काय जातंय? महिनाभर रोज ठरवतोय. तिच्या कपाटातून तो स्वेटर चोरून आणला— स्वतःच्या घरात चोरी!— आणि चित्राशेजारी धरला. डाव्या डोळ्यानं बघितलं की दोन्ही एकच, वाटतं, माझंच बरोबर. डावा झाकला की— किती निळा आहे हो तो. लोकर निवडायला हिनं दुकानात तासभर लावला होता आणि मी बाहेर उभा राहून करवादत होतो. रंग हिला कळत होता. हिला! चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, दिसतं ते काढा, पण आपल्याला दिसत नसेल तर शेजारच्याला विचारा, हे नाही शिकवलं. आणि पुढच्या आठवड्यात डावाही करायचाय. मग मीच बरोबर होतो असं वाटायला एकही डोळा उरणार नाही.

बंद करा ते यंत्र. कप वाजला— ऐकलंत? आता जाईल ती, दोन मिनिटं गप्प बसा. अहो, फडकं का ओढताय? हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना! दार सताड उघडं आहे, दिसतंय तिला—

अगं, ते मी— कपाटातून मीच— काय बघतेस? निळाच आहे.

तुम्ही अजून इथंच? निघा. पुस्तक उचला आणि निघा. आणि दार लावू नका.