गल्लीतली दुसरी उमेदवार

– हो हो, मीच ती. वर छताला दात काढून हसतेय ना, तीच. बघा, नीट बघा, सगळेच बघतात. प्रचाराच्या बॅनरचं कापड जाड आहे, पावसाचा थेंब आत येत नाही, म्हणून आईने ताणलं. आई म्हणाली, निवडणूक गेली पण छप्पर तरी मिळालं. आमच्याकडे मतं मोजून झाली की उमेदवारांची तोंडं अशीच कामाला लागतात – कुणी डुकरांच्या खुराड्यावर, कुणी वाळत घातलेल्या मासळीखाली. त्यामानाने माझं बरं, मी केळ्यांच्या गाड्यावर आहे. घ्या ना ताई, गरम आहेत, आत्ताच साखरेतून काढलीत. बोटीला वेळ आहे. भरतीचं पाणी चढल्याशिवाय बोटवाला कसला येतोय!

नाही हो, कॅप्टनची निवडणूक नाही – कॅप्टन म्हणजे अख्ख्या वस्तीचा प्रमुख, ते मोठ्यांचं. मी पोरांच्या मंडळाला उभी होते, युवा मंडळाला. अध्यक्षपदाला, हो! पडले ना. पण सपाटून पडले म्हणाल तर नाही – तेच तर दुखणं आहे. बरी मतं पडली मला. चांगली भरपूर पडली. कमी पडली असती तर आज मान वर करून बसले असते.

म्हणजे काय ते सांगते. आमच्या किनाऱ्याकडच्या गल्लीतून बेल उभी होती. जेसिबेल तिचं नाव, आम्ही बेल म्हणतो – लहानपणापासून एका ताटात जेवलोय आम्ही. ह्या फोटोत माझ्या अंगात जो पिवळा ब्लाउज आहे ना, तो तिचा. फोटो काढायचाय म्हटलं तर तिने इस्त्री करून दिला. तिच्याच विरुद्ध उभी राहायला. – हसू नका. तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. बेल शाळेत पहिली, चर्चच्या गायनात पुढे, सभेत बोलायला ती – आणि मी कोण? तर बेलची मैत्रीण. नोरिलिन म्हणून मला किती जण ओळखतात विचारा. तिच्या मनात एकच होतं – समोर दिसतो ना किनारा, तिकडे आमची मोठी शाळा आहे. पोरं रोज होडीतून जातात, उघड्या होडीतून, अंगात लाइफ जाकीट नाही काही नाही. गेल्या वाऱ्याच्या दिवसांत एक होडी कलंडली. बेल होती तीत. तिने दोन पोरं केसाला धरून वर काढली. तेव्हापासून तिचं एकच चाललेलं, युवा मंडळाच्या निधीतून पोरांसाठी छप्पर असलेली बोट घ्यायची. वेड्यासारखी बोलायची त्याच्यावर. आणि लोकांना पटत होतं. सगळ्यांना वाटत होतं, हीच येणार.

मग कॅप्टन आला. इथे आला, ह्या गाड्यावर. तो माझा निनोंग आहे हो – बाप्तिस्म्याला मला हातात घेऊन उभा राहिलेला, धर्माचा बाप. माझा खरा बाप गेला तेव्हा शवपेटी त्यानेच आणली, हा गाडा इथे धक्क्यावर लागतो तोही त्याच्याच शब्दावर. तर खुर्ची ओढून बसला, केळी खाल्ली, आणि म्हणाला, "पोरी, तू उभी राहा. ह्या गल्लीला तुझ्यासारखी मुलगी पाहिजे." मला! मी म्हटलं, निनोंग, बेल आहे की. तर म्हणतो, "बेल हुशार आहे, पण तू माणसांतली आहेस." – काय सांगू ताई, त्या दिवशी माझ्या हातून केळी करपली. बावीस वर्षांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं. बरं, त्याचा भाचा उभा होता, रँडल. मुलाला उभं करता येत नाही, कायदा आडवा येतो, पण भाच्याला चालतं. मी विचारलंसुद्धा, मग रँडलचं काय? तर हसला, म्हणाला, "रँडलला कोण विचारतंय, तो नावापुरता." आणि मी ते खरं मानलं! पोस्टर त्याने छापली, टी-शर्ट त्याने दिले, मी आपली घरोघर हात जोडत फिरतेय – आणि एकदाही, एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की ही सगळी पोस्टर आमच्याच गल्लीत का लागतात, रँडलच्या वरच्या गल्लीत एक का नाही.

बेलच्या डोक्यात आलं. अर्ज भरायच्या आदल्या दिवशी ती आली होती मला सांगायला. "नोरी, आपण दोघी एकाच गल्लीतल्या, मतं फुटतील. तुला व्हायचं असेल तर तू हो, मी मागे सरते – पण दोघी नको." असं म्हणाली ती. मागे सरते म्हणाली! आणि मी काय म्हटलं? – जाऊ दे. म्हटलं, तुला मी पुढे गेलेली बघवत नाही. ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी ब्लाउज मात्र पाठवून दिला.

मोजणी इथल्या छोट्या शाळेत झाली. बाई एकेक चिठ्ठी उघडून नाव मोठ्याने वाचतात आणि फळ्यावर रेघ मारतात. आम्ही सगळे खिडकीला चिकटलेले. बेल, नोरी, बेल, नोरी, नोरी, बेल – आमची गल्ली सरळ दोन तुकडे होऊन फळ्यावर उतरत होती. आणि वरच्या गल्लीची चिठ्ठी निघाली की रँडल, रँडल, रँडल. कशाला गणित यायला हवं? पोरासोरांना दिसत होतं. तरी मी मनात म्हणतेय, नशीब. निवडणूक आहे, चालायचंच.

मग जेवणावळ. कॅप्टनच्या अंगणात अख्खं डुक्कर भाजलेलं, कराओके लावलेला, आणि मलाही आवर्जून बोलावणं. मला वाटलं, पडलेल्या पोरीची समजूत घालायला बोलावलंय – किती मोठं मन! गेले. ताटंसुद्धा वाढली. आणि मध्येच त्याने माइक हातात घेतला, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "हिला टाळ्या वाजवा. ही उभी राहिली नसती तर आज रँडल इथे नसता." सगळे हसले हो. वरच्या गल्लीतला प्रत्येक जण हसला – म्हणजे त्या सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. मला सोडून सगळ्यांना! केसाने गळा कापला माझा, आणि वर टाळ्या. आणि मी काय केलं असेल? मान लववली. थँक यू म्हटलं. माइक पुढे केला तर गाणंही म्हटलं. त्या कर्ण्यांचा आवाज थेट आमच्या गल्लीपर्यंत जातो, बेलच्या माडीवर तर भिंतीला कान न लावता ऐकू येतं.

आली ना बेल. दुसऱ्या दिवशी सकाळी इथे आली. मला वाटलं आता ही थोबाडीत देणार, आणि दिली असती तर बरं झालं असतं. पण ती म्हणाली, "तुलाही फसवलं नोरी, मला माहीत आहे." रडले मी तिच्या गळ्यात पडून. कढईत साखर जळत होती, तिनेच गॅस बंद केला. मग म्हणाली, "आता ते तुला खजिनदार करतील. नवा अध्यक्ष नेमतो ना खजिनदार – रँडल तुझंच नाव घेईल, म्हणजे गल्लीचं तोंड बंद. तू नाही म्हण. बाकी मला काही नको तुझ्याकडून." मी म्हटलं, वेडी आहेस का, मी कशाला होतेय? आईची शपथ घेतली तिच्यापुढे.

– मग काय? मग काही नाही. विचारायला निनोंग स्वतः आला. आईसमोर विचारलं. आई माझ्याकडे बघत नव्हती, गाड्याच्या चाकाकडे बघत होती. आणि तो म्हणाला, कचेरीत टेबल मिळेल, टेबलावर नावाची पाटी. नोरिलिन – पूर्ण नाव. आता तुम्हीच सांगा, आत राहिलं तरच बोटीचा विषय काढता येईल ना कधीतरी? बाहेर बसून काय होणार? मी काढणार आहे विषय. यंदा नाही, यंदा रँडलला वेशीवर कमान बांधायचीय, त्याचं नाव घालून. पण पुढच्या वर्षी – पुढच्या वर्षी मी नक्की –

आज सकाळी झाली शपथ. हात वर करून. बेल आली होती, कचेरीच्या दारात उभी होती, आत नाही आली. तोच पिवळा ब्लाउज होता तिच्या अंगात.

असं काय बघताय माझ्याकडे? तुमचा असता ना निनोंग, तुमच्या आईचा गाडा असता, मग बघितलं असतं. कोण कुठल्या तुम्ही, आणि मी बसलेय सगळं सांगत. पाणी चढलंय, बोट दिसतेय ती. खाऊन झालं ना? मग उठा. बाकडं गिऱ्हाइकांसाठी आहे.