थाळी निसटली नाही

नाव व जन्मतारीख: सोबत जोडलेल्या स्पर्धेच्या ओळखपत्राप्रमाणे. वय सत्तावीस वर्षे. व्यवसाय: पाणीपुरवठा कार्यालयात लिपिक, तसेच थाळीफेक खेळाडू. सध्याचा पत्ता: खेळाडू निवास, तिसरा मजला, जिन्याला लागून असलेली खोली. कायमचा पत्ता: आईचे घर.

मला ठाण्यात बोलावून विचारण्यात आल्यावरून मी समक्ष सांगते की, या शहरात चालू असलेल्या आंतरराष्ट्रीय मैदानी स्पर्धेत मी महिलांच्या थाळीफेकीत आमच्या संघातर्फे उतरले होते. आज सकाळी सराव मैदानावरील आमच्या संघाच्या केबिनची काच माझ्या थाळीने फुटली, अशी तक्रार मैदानाच्या व्यवस्थापकांनी दिली आहे. ती कशी फुटली हे समजण्यासाठी आधीचे चार दिवस सांगणे भाग आहे.

माझ्या खोलीत हातोडाफेक करणारी एक खेळाडू राहते. ती सहा फूट उंच असल्याने संघात तिला चिमणी म्हणतात. पात्रता फेरीच्या आदल्या संध्याकाळी माझे प्रशिक्षक, ज्यांना मी सर म्हणते, आमच्या खोलीत आले. ते म्हणाले, "फोन द्या दोघी. उद्या डोकं थाऱ्यावर पाहिजे." आम्ही फोन दिले. सकाळी न्याहारीला चिमणीच्या हातात तिचा फोन होता. मी विचारल्यावर ती म्हणाली, "माझी फेक अजून लांब आहे ना, म्हणून दिला परत." तिची पात्रता फेरीही त्याच दिवशी होती.

मी माझा फोन मागितला. सर म्हणाले की आईचा निरोप आला आहे, आणि त्यांनी तो स्वतःच्या फोनवरून वाचून दाखवला. तो माझ्या मोठ्या भावाने पाठवला होता. निरोप असा होता: "बाळा, तू फक्त खेळाकडे लक्ष दे. माझे आशीर्वाद तुझ्या पाठीशी आहेत." मी घरून निघाले तेव्हा आईला खोकला होता. त्याबद्दल निरोपात काही नव्हते. आई रोज फोन करत असे आणि तिचे पहिले वाक्य "म्हशी, जेवलीस का?" हे असे. त्या रात्री झोपताना मी चिमणीला म्हणाले, "आई मला बाळा म्हणाली."

"मग? आया म्हणतात की."

"माझी नाही म्हणत."

चिमणीने कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केले. एरवी ती झोप लागेपर्यंत बोलत असते.

पात्रता फेरीत मी पहिल्याच फेकीत अंतिम फेरीसाठी निवडले गेले. त्यानंतर संघातील लोक माझ्याशी निराळे वागू लागले. मी जेवणाच्या टेबलाशी गेले की बोलणे थांबे. मालिश करणाऱ्या मावशी नेहमी "हा दंड आहे का वासा? माझीच बोटं मोडायची," असे म्हणतात. त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. मालिश झाल्यावर त्यांनी माझ्या कपाळावरचे केस मागे सारले. असे त्यांनी पूर्वी कधी केलेले नाही.

माझी अशी समजूत झाली की माझ्या लघवीच्या नमुन्यात बंदी असलेले काहीतरी सापडले आहे आणि ते मला सांगितले जात नाही. मी माझ्या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांच्या बाटल्यांची झाकणे तपासली. खोलीत मी नसताना कोण येते असे चिमणीला विचारले. तिचाही मला संशय आला होता. शेवटी मी सरांनाच विचारले, "सर, माझ्या नमुन्यात काही आलंय का?" सरांना हायसे वाटल्यासारखे दिसले. ते हसून म्हणाले, "वेडी का काय! एवढंच ना?" एवढंच म्हणजे काय, हे मला समजले नाही. मी आईशी बोलायचे आहे असे सांगितले. ते म्हणाले की तिकडे नेटवर्क नाही. मात्र निरोप येतच होते आणि त्यांत मला बाळाच म्हटलेले होते.

अंतिम फेरीत माझी पाचवी फेक माझ्या आजवरच्या फेकींत सर्वांत लांब गेली आणि मला तिसरा क्रमांक मिळाला. सहाव्या फेकीत पाय वर्तुळाबाहेर गेला. नंतर पत्रकारांनी विचारले की पदक कोणाला देणार. मी सांगितले, "आई टीव्हीपुढे बसली असेल. शेवटच्या फेकीला पाय बाहेर गेला म्हणून आत्ता मला शिव्या घालत असेल." मी हसले. दुसरे कोणी हसले नाही. पुढच्या रांगेतील एका बाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवले. सरांनी माझे कोपर धरले आणि "दमलीय ती, पुरे आता," असे म्हणून मला बाहेर नेले.

निवासाच्या लिफ्टमध्ये मला दुसरा क्रमांक मिळवलेली खेळाडू भेटली. तिला आमची भाषा येत नाही. तिने मला मिठी मारली, मग फोनवर काही लिहून त्याचे भाषांतर मला दाखवले. त्यात होते की तुझ्या आईबद्दल काल वाचले, फार वाईट वाटले, आणि तरीही तू इतकी फेकलीस. मी ते दोनदा वाचले. लिफ्ट माझ्या मजल्यावर थांबली तेव्हा तिने दार धरून ठेवले होते.

आई पात्रता फेरीच्या दिवशी पहाटे रुग्णालयात वारली. अंत्यविधी त्याच दिवशी झाला. मी पात्रता फेरीची फेक केली ती वेळ आणि अंत्यविधीची वेळ यांबद्दल मी भावाला विचारलेले नाही.

भावाशी सरांच्या फोनवरून बोलणे झाले. तो म्हणाला, "आईनंच सांगितलं गं. संध्याकाळी वॉर्डात म्हणाली, तिला कळवू नका, तिची थाळी होऊ दे." मी विचारले, "आणि ते निरोप?" तो म्हणाला, "सर म्हणाले, काहीतरी पाठव, नाहीतर ती ओळखेल." सर शेजारीच उभे होते. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "कळलं असतं तर हे पदक मिळालं असतं का? सांग ना."

आई असे म्हणाली असेल याबद्दल मला शंका आहे. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, वारले तेव्हा माझी निवड चाचणी चालू होती. आई स्वतः मैदानावर आली आणि मला वर्तुळातून बाहेर बोलावले. तेव्हाही हेच सर तिला थांबा म्हणत होते. ती म्हणाली, "थाळी काय, उद्याही गोलच असेल. चल, म्हशी."

आज सकाळी मी सराव मैदानावर जाऊन सरांकडे माझा फोन मागितला. ते म्हणाले की फोन केबिनमध्ये आहे, किल्ली संघ व्यवस्थापकांकडे आहे, ते दुपारी येतील. मी म्हणाले, "मला आत्ता हवाय." ते म्हणाले, "आता कसली घाई आहे?"

मी माझी थाळी पिशवीतून काढली आणि पुसली. केबिनची मैदानाकडची बाजू पूर्ण काचेची आहे. आत कोणी नव्हते, आजूबाजूला कोणी नव्हते, हे मी नीट पाहिले. सर माझ्या मागे होते. मी गवतावर उभी राहून फेक केली.

मी आत गेले तेव्हा फोन टेबलावर चार्जिंगला लावलेला होता. मला द्यायचाच नव्हता तो फोन कोणी चार्ज का करत होते, हे मला माहीत नाही. फोन घेतला गेला त्या रात्री आईचे तीन कॉल आलेले दिसतात. दोन कोणी घेतले नाहीत. तिसरा घेतलेला आहे आणि तो चार मिनिटे चालला. आईचा फोन तिच्या उशाशीच होता असे भावाने नंतर सांगितले. माझा फोन त्या वेळी सरांकडे होता. ज्या बाईला मला काही कळू द्यायचे नव्हते, तिने मला तीनदा फोन का करावा?

मी तिथेच फुटलेल्या काचांत उभी राहून विचारले, "सर, आई काय म्हणाली?"

"अगं, नेटवर्क कुठं होतं. नुसती खरखर."

"चार मिनिटं?"

"आधी या काचेचं काय ते बघ," असे ते म्हणाले. तेवढ्यात मैदानाचे व्यवस्थापक आले.

आता सर ठाण्याच्या बाहेर बाकावर बसले आहेत. मी आत येताना ते मला म्हणाले, "निसटली म्हण पोरी. काचेचं मी मिटवतो. तुझ्यापुढे अजून दोन मोठ्या स्पर्धा आहेत." जबाब लिहून घेणाऱ्या अंमलदारांनीही मला विचारले, "ताई, निसटली असं लिहू का? गवतावर दव होतं म्हणू. दोन ओळींत संपेल."

मी विचारले, "मग सरांचा जबाब घेणार नाही?"

ते म्हणाले, "अपघात असेल तर त्यांना कशाला विचारायचं?"

म्हणून मी सांगते की थाळी निसटली नाही. गवत कोरडे होते. मी ती केबिनच्या काचेवर फेकली आणि ती तिथेच लागली. यामुळे माझ्यावर गुन्हा नोंद होऊ शकतो व संघातून काढले जाऊ शकते, हे मला समजावून सांगण्यात आले आहे. या घटनेच्या वेळी सर हजर होते. तरी त्यांचा जबाब घेण्यात यावा आणि त्या चार मिनिटांत माझी आई काय बोलली, हे त्यांना समक्ष विचारून लिहून घ्यावे, एवढीच माझी मागणी आहे.

हा जबाब अंमलदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना ते 'म्हशी' या शब्दाशी दोन्ही वेळा थांबले, आणि सरकारी कागदावर तो शब्द बरा दिसणार नाही, त्याजागी 'मुली' लिहितो असे म्हणाले. मी नको म्हणाले. शब्द आहे तसा ठेवला आहे. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.