तंबू खंय घेवचो?

मालवण स्टँडवरच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं.

"आमच्या लेकीन, अपेक्षान सांगल्यान हा, दोन दिवस धामापूरच्या तळ्याकाठी तंबू घेवया. थंय दर्याची गाज नाय, तुका झोप लागतली."

"तारकर्लेत पण तंबू आसत मां?"

"आसत. पण ते दर्याकाठार, गो."

"थंयचोच घेवक सांगा."

"सत्यवती, चेडू तुझ्यासाठीच दर्यापासून लांब न्हेता हा."

"आमच्या पोराची, प्रितमची होडी बुडली, तेवा पाण्याची ओढ खंय होती?"

"तारकर्लेच्या बाजूक."

"मग? दर्या नेलेल्या माणसाक कधीतरी काठार आणून सोडता. तळ्यात तो कसो येतलो?"

"तेका गेल्याक वरीस झाला, गो."

"म्हणानच सांगतंय. आता तेका माझ्याशिवाय कोण वळखतलो?"