गुलमोहर कॉलनीची पाटी

पाटी रंगवली त्या दिवशी सकाळचं सव्वानऊ वाजलं हुतं, पावणं, तिथनं सगळं सुरू झालं — आणि गुलमोहर शोधू नगासा, एक बी झाड न्हाय हितं. कॉलनी बी न्हाय, अकरा घरं हायती. बसा की, च्या ठेवते. वस्तीचा इतिहास पायजे न्हवं तुमास्नी? मग लिवा — ह्यो बयाबाईचा माळ. सगळ्यांच्या आधी बयाबाई आज्जी आली, उघड्या माळावर, दोन म्हशी घिऊन. शेणी थापायची, बुट्टी डोक्यावर घिऊन कागलात विकायची. मागनं जो येईल त्याला म्हणायची, "बांध की खोप, माळ काय माझ्या बाऽचा हाय?" माझा नवरा, चन्नाप्पाचा ल्योक, तिच्याच म्हशीच्या दुधावर वाढला. आणि मी काय केलं?

माझी पवित्रा तवा पाळण्यात हुती. पंचायतीचा पेंटर आला, गडीमाणसं कामावर, वाचता येणारी मी एकटी — सातवी शिकल्याली! म्हणाला, "वैनी, नाव काय घालू?" मला वाटलं, उद्या पोरगी शाळंत जाणार, पोरं चिडवणार — शेणीवाल्या बयाबाईच्या माळावरची. कोल्हापुरात नणंदंकडं जाताना एक पाटी बघितलती, तेच नाव सांगितलं. गड्यांस्नी वाटलं पंचायतीनं ठरवलं. आज्जी काठी टेकत आली, "पोरी, काय लिवलंय गं?" — मी म्हटलं, "तुमचंच नाव हाय, आज्जी." निसटलं तोंडातनं. तवापास्नं रोज पदरानं पाटी पुसती, येईल त्याला सांगती, माझं नाव लागलं — कुणाच्यानं तिचं मन मोडवंना. सहा वरसं झाली.

आता पवित्रा पहिलीत हाय. काल पाटीखाली थांबली, बोट दावून — "गु… ल…" आज्जी शेजारीच, कौतुकानं, "वाच बाळ, आज्जीचं नाव वाच!" मी पोरीच्या पाठीत धपाटा घातला, ओढत घरात आणली. रात्री जेवली न्हाय. का मारलंस, म्हणती — काय सांगू, पावणं? वाचाय येतंय म्हणून मारलं?

न्हाय, लिवताना माझं नाव गाळू नगासा. आज्जीला मीच सांगते, आजच सांगते, तेवढं माझं मला करू द्या. तुमी उठा आता, ती यायच्या आत. आणि जाताना पंचायतीत ग्रामसेवकास्नी एवढा निरोप द्या — पेंटर धाडा म्हणावं, पाटीवर बयाबाईचा माळ लिवायचं हाय. पयलं नाव कुणी घातलतं, असं इचारलं, तर चन्नाप्पाच्या सुनंनं म्हणावं.