पोहण्याचा पहिला धडा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. नबाबाच्या राज्यात मी मुरुडला कारकुनी करायचो, तेव्हाची गोष्ट. दर पाडव्याला मी वर्षभरात करून बघायच्या नव्या गोष्टींची यादी करायचो. एका वर्षी लिहिलं, पोहायला शिकणे. जन्म समुद्राकाठी गेला, पण घोट्याच्या वर पाणी कधी लागू दिलं नव्हतं.

माझा दोस्त इस्माईल मला होडीतून आगरदांड्याच्या खाडीत घेऊन गेला आणि म्हणाला, "मार उडी."

मारली. नाकातोंडात पाणी गेलं. आपण संपलो असं वाटून मी ओरडलो, "इस्माईल, माफ कर. बोर्लीच्या ज्या मुलीशी तुझं लग्न ठरत होतं, तिच्या घरी तुझ्याविरुद्ध निनावी पत्र मीच धाडलं होतं. नाहीतर तू मला सोडून तिकडे घरजावई होऊन गेला असतास रे."

इस्माईल होडीतून हललासुद्धा नाही. "उभा ऱ्हा," म्हणाला.

उभा राहिलो. पाणी कमरेएवढं होतं.

"तीन वर्सं मी चाचाशी बोललो न्हाय," तो म्हणाला. "मला वाटलं, पत्र त्यानं धाडलं."

मी मान खाली घातली. त्यानं वाकून माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"बस खाली. अजून थोडा बुड. आणखी काय काय केलंयस, तेही कळू दे."