खूण वर चढत नाही

वर चढली? खूण वर चढली म्हणतोस? – अरे, झाड म्हणजे काय लिफ्ट आहे, खाली बसलं की वर नेऊन सोडायला? पुन्हा सांग बरं, नीट ऐकू दे काकूला. तुझा बाप सात वर्षांचा होता, मामंजी त्याला म्हणाले, कोर तुझं अक्षर, ज्याची खूण त्याचं झाड – हो, हो, म्हणाले असतील, सगळ्या घराला ते पाठ आहे, खूण तेवढी कुणाला कधी सापडली नाही. आणि आज तुला सापडली! माझ्या डोक्याच्या हातभर वर! का, तर झाड वाढलं. म्हणून झाड तुझं, आणि उद्या ते पाडून तिथे तू गाडी उभी करणार. वा रे शिकलेला!

इकडे ये. झाड उंच कुठून होतं? शेंड्याकडून, फांदीच्या टोकाकडून. खोड जिथल्या तिथेच – ते फक्त जाड होतं. सालीखाली एक ओली, निसरडी कातडी असते, नखाने खरवडलंस तर बोटाला लागेल – ती आतल्या अंगाला लाकूड चढवते, बाहेरच्या अंगाला साल. आतलं अंग भरलं की जुनी साल पुरत नाही, मग फाटते. भेगा कशाने पडतात वाटलं तुला, म्हातारपणाने? लहानपणी तुझी चड्डी शिवणीवर उसवायची ना, अगदी तसं. मुळंही तशीच फुगतात, बघ, माझी फरशी उचलून ठेवलीय. काय? तुला कुणी शिकवलं नाही? मलाही नाही शिकवलं. पन्नास वर्षं पाणी घातलंय याला, डोळे उघडे ठेवून.

आणि हे तुझं अक्षर! कडा कशा करकरीत, चीकसुद्धा वाळला नाही अजून – शिडी रंगाऱ्याकडून आणलीस ना? तिचे पाय उमटलेत मातीत. बापाच्या नावाने खोटं करायचं तर निदान नीट तरी करावं, तेही जमेना! सात वर्षांचं पोर शिडीवर चढून कोरत होतं होय रे?

जुनी खूण कशी असते माहितीये? उंची तीच राहते, पण खोड जाडावतं तसं अक्षर आडवं ताणलं जातं, पसरतं, चांगलं वीतभर. कडा ओठांसारख्या सुजतात. नाही पटत? हसतोस? ये, हे खुराडं ओढ बाजूला – ओढ ना, जोर नाही का अंगात, कोंबड्या खात नाहीत तुला – हां. वाक. अजून वाक. आता बघ. हे असं असतं. सात वर्षांच्या पोराच्या छातीला बरोब्बर. म्हणून तर लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी मी खुराडं इथे आणून ठेवलं, कुणाच्या नजरेला पडू –

...

काय बघतोस? ढकल ते खुराडं परत. ढकल म्हणते ना. – बोट काढ त्याच्यावरून.

जा तू. कोंबड्या बिचकल्यात माझ्या. जा.