अडलेला मेसेज

"हॅलो?… हो, उर्वशीच. बोल ना अपेक्षा, आज रविवारी…"

दारव्ह्याच्या एका दवाखान्याचे कॉम्प्युटर उर्वशी लोहाऱ्यातल्या घरून सांभाळायची. अपेक्षा त्या दवाखान्यातला रक्तसाठा पाहायची. तिचा आवाज ऐकूनच उर्वशीने पुढ्यातलं ताट सरकवलं.

"काय? रक्ताचा फ्रीज बंद?… पिशव्या कोमट लागून राह्यल्या? अवं, मंग तुले मेसेज काहून नाही आला? कॉम्प्युटर आपोआप टेम्परेचर तपासते ना… थांब. पाहून राह्यली. फोन ठेवू नको."

लॅपटॉपच्या पडद्यावर एकाखाली एक तीच ओळ होती : परवानगी नाकारली. परवानगी नाकारली.

"अपेक्षा… टेम्परेचर तपासाच्या कामाले कॉम्प्युटर टेम्परेचरची फाइल वाचूच नाही देऊन राह्यलं. काल सुरक्षेचे नवे नियम लावले ना, कोणत्या कामानं कोणत्या फाइलले हात लावायचा… हो. मीच लावले… तपासलं होतं वं! मी हातानं चालवलं तवा चाललं. ठरल्या वेळी आपोआप चालते तवा त्याले वेगळी परवानगी लागते. ते… ते मी पाहिलंच नाही."

बोलता बोलता ती नियमांची फाइल उघडून ओळ बदलत होती.

"दिली. दिली परवानगी. आला मेसेज?… हो, समजते मले. आता येऊन काय फायदा, रक्त तं खराब झालं."

"कोणाले पाहिजे रक्त?… कोण्या बिजलीबाईची सून? बाळंतीण झाली अन् रक्त थांबून नाही राह्यलं?… यवतमाळवरून मागवलं ना? गाडी कुठं आहे?… अजून अर्ध्या रस्त्यावर, बोरीलेच? … हॅलो? अपेक्षा?"

पलीकडे पळापळ ऐकू आली. कोणीतरी किंचाळलं.

"बोल ना वं… अपेक्षा, बोल…"

"गेली?… गाडी पोहोचाच्या आधीच?"

"अन् बाळ?… बाळ आहे. बरं."

उर्वशीने लॅपटॉप मिटला.

"कोण? धर्मपाल? दवाखान्यातला शिपाई? त्याले कायले धरलं बिजलीबाईच्या लोकायनं?… डॉक्टर साहेब म्हणतात का ड्यूटीवर तो होता, त्यानं फ्रीज पाहाले पाहिजे होता? अवं, त्याले सांगितलं होतं ना का फ्रीज कॉम्प्युटर पाहते!… नाही, ऐक. ऐक माझं. बिजलीबाईले फोन दे… मले माहीत आहे त्या कशा असतील. दे."

"बिजलीबाई?… मी उर्वशी. तुम्ही ओळखत नाही मले. दवाखान्याच्या कॉम्प्युटरचं काम मी पाहते… बाई, त्या धर्मपालले सोडाले सांगा. फ्रीज बंद पडला ते कोणाले समजलं नाही, ते माझ्यामुळं… हो. माझ्यामुळं… मी येऊन राह्यली तिथं. तुमच्यासमोर… बिजलीबाई?"

फोन कट झाला होता. उर्वशीने पायात चपला घातल्या आणि दारव्ह्याच्या जीपसाठी नाक्याकडे निघाली.